पेटी गाडीत असताना

"थांबवा, थांबवा. किसुकेआजोबा आहेत ते," मिनेको म्हणाली.

तेत्सुरोने ब्रेक दाबला. धुक्यातून आधी घंटेचा आवाज आला, मग माणूस दिसला. कानटोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी आणि कमरेला पितळी घंटा. अस्वलाला माणसाची चाहूल आधीच लागावी म्हणून या डोंगरातले सगळेच अशी घंटा बांधून बाहेर पडतात. आजोबांनी नगरकचेरीची पांढरी गाडी ओळखली. हसत हसत पुढे आले आणि त्यांनी सरळ मागच्या दाराला हात घातला.

"बरं झालं बाबा भेटलास. आज गुडघा फार कुरकुर करतोय."

दार उघडलं नाही. मागच्या सीटवर मतपेटी होती, तिच्याशेजारी कोऱ्या मतपत्रिकांचं सीलबंद पाकीट होतं, आणि तेत्सुरोने पेटीला स्वतःच्या हाताने सीटबेल्ट लावून दारं आतून बंद केली होती. त्याने काच खाली केली.

"आजोबा, पेटी आहे गाडीत."

"हां," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दारावरचा हात काढून घेतला. "पेटी आहे होय. मग नाहीच बसता यायचं."

"केंद्र उघडायला वेळ आहे अजून. सावकाश या."

"सावकाश? आणि ती त्सुया माझ्याआधी पोचली म्हणजे? तू हो पुढे. तू दार उघडशील तेव्हा मी दारात उभा असेन, बघ."

गाडी निघाली. आरशात आजोबा थोडा वेळ दिसले, मग धुक्यात मिसळून गेले. घंटा तेवढी जरा जास्त वेळ ऐकू आली.

"बसवायला हवं होतं हो त्यांना," कचेरीतून त्याच्या मदतीला आलेली मिनेको म्हणाली. "कोण बघतंय इथे? कावळे?"

"मी बघतोय ना."

"काल संध्याकाळी भोंग्यावरून सांगत होते, अस्वल दिसलंय."

"ते खाली, सफरचंदाच्या बागेत."

"आणि त्याला काय कचेरीने लेखी कळवलंय, की खालीच थांब म्हणून?"

तेत्सुरोने नजर रस्त्यावर ठेवली. मतपेटी गाडीत असताना, ज्याचं मतदान केंद्रावर काम नाही अशा कुणालाही गाडीत घ्यायचं नाही, असा कचेरीचा नियम होता. तो त्याने केलेला नव्हता. पण कचेरीतला प्रत्येक नियम कुणीतरी चूक केल्यानंतरच झालेला असतो, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते कुणीतरी आपण असू नये एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा होती.

तेत्सुरो कुदो भित्रा माणूस होता. हे त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, कचेरीत तर शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच निवडणुकीचं काम दरवेळी त्याच्या गळ्यात पडायचं. ताकही फुंकून पिणारा माणूस मतपत्रिका कशाला हरवेल? शाळा सुटल्या सुटल्या तो नोकरीला लागला, तेव्हा हा भाग स्वतंत्र गाव होता, गावाला स्वतःची कचेरी होती. पुढे माणसं कमी झाली, गाव शेजारच्या नगरात विलीन झालं, आणि तेत्सुरोचं टेबल उचलून नगरकचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं गेलं. तो टेबलामागून गेला. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

आज आकिता प्रांताच्या गव्हर्नरची निवडणूक होती. गव्हर्नर बसतो तिकडे समुद्राकाठी, राजधानीत. समुद्रापासून भातखाचरं सुरू होतात, भातखाचरं संपली की डोंगर, आणि डोंगरात रस्ता जिथे संपतो तिथे तोचिसावा नावाची ही वाडी. तिन्ही उमेदवारांनी डोंगराळ भागासाठी काय काय करू ते सांगितलं होतं. पण प्रचाराची गाडी वाडीत आली एकाचीच. आतल्या बाईने पांढरा हातमोजा घातलेला हात हलवत, गोड आवाजात उमेदवाराचं नाव पुकारलं, पाठिंब्याबद्दल एकेका घराचे आभार मानले. त्यातल्या बहुतेक घरांत कोणीही राहत नव्हतं. वाडीत मतदार उरले होते नऊ.

पूर्वी तीनशे होते. तेव्हापासून किसुकेआजोबांचा एक हट्ट होता. केंद्र उघडलं की पहिल्या मतदाराला पेटी उघडून दाखवायची, त्याने आत डोकावून पेटी रिकामी असल्याची खात्री करायची, मगच कुलूप घालायचं, अशी इकडची रीत. तो पहिला मतदार होण्याचा मान आजोबांनी जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला मिळू दिला नव्हता. गव्हर्नरची असो, प्रांतसभेची असो की नगराध्यक्षाची, उजाडायच्या आत ते केंद्राच्या, म्हणजे वाडीतल्या शाळेच्या, दारात हजर. शाळेशेजारीच राहणाऱ्या त्सुयाआजींनी कितीदा तरी त्यांना गाठायचा प्रयत्न केला होता. एकदा तर म्हणे त्या अंथरूण घेऊन शाळेच्या पायरीवर येऊन झोपल्या होत्या. सकाळी जाग आली तर आजोबा त्यांच्या वरच्या पायरीवर बसलेले.

आणि आज शेवटचं. या निवडणुकीनंतर तोचिसावाचं केंद्र बंद होणार होतं. पुढच्या वेळेपासून एक फिरती गाडी पेटी घेऊन सगळ्या वाड्यांतून हिंडणार होती. तोचिसावा रस्त्याच्या टोकाला. म्हणजे पेटी इथे पोचेल तेव्हा तिच्यात चार वाड्यांची मतं पडलेली असणार. हे पत्र तेत्सुरोनेच घरोघरी नेऊन दिलं होतं. आजोबांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले होते, "म्हणजे रिकामी पेटी आता एकदाच."

शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण व्यायामशाळेचं छप्पर शाबूत होतं. साक्षीदार म्हणून नेमलेले इवाओ आणि त्याची बायको आधीच येऊन स्टोव्ह पेटवून बसले होते. इवाओ जुना लाकूडतोड्या, शिकारी मंडळाचाही सभासद. तेत्सुरोने टेबलं मांडली, पेन्सिली टोकं एका रेषेत येतील अशा लावल्या. सगळं मनासारखं लागलं आणि त्याच वेळी बाहेरच्या खांबावरचा भोंगा खरखरला.

"नगरकचेरीकडून सूचना," भोंग्यातली बाई संथपणे म्हणाली. "तोचिसावाच्या पुलाजवळ अस्वलाची मादी व पिल्लू दिसले आहे. नागरिकांनी घराबाहेर पडू नये. पुन्हा सांगते..."

मिनेकोच्या हातातला कागदांचा गठ्ठा तसाच राहिला. पूल ओलांडल्याशिवाय आजोबांना शाळेत येता येणार नव्हतं.

"इवाओ, बंदूक?" ती म्हणाली.

"घरी, कपाटात, कुलपात. कचेरीचा हुकूम आल्याशिवाय काढली तर परवाना जाईल माझा."

तेत्सुरोने कचेरीत फोन लावला. शिकारी पथक निघतंय, असं उत्तर आलं. किती वेळ लागेल? घाटात धुकं आहे, पाऊण तास धरा. तेत्सुरोने फोन ठेवला.

"पिल्लू बरोबर असेल तर वाईट," इवाओ म्हणाला. "एकटं अस्वल घंटा ऐकून निघून जातं. पिल्लू झाडावर चढलेलं असलं तर आई हलत नाही. घंटा वाजली की उलट चवताळते."

"हे तुला आत्ता सांगायचं होतं?" त्याच्या बायकोने विचारलं.

तेत्सुरो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. धुकं काचेला टेकलं होतं. कान देऊन ऐकलं तर छपरावरचा उरलासुरला बर्फ वितळून ठिबकत होता, बाकी काही नाही. सकाळचा तो हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दारावर ठेवलेला आणि मग मुकाट्याने काढून घेतलेला. आपण नियम पाळला, चूक केली नाही, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. एरवी हे वाक्य लागू पडायचं.

तेवढ्यात दार सरकलं आणि त्सुयाआजी आत आल्या. वय ऐंशी, उंची जेमतेम टेबलाएवढी, बगलेत बसायची गादी आणि हातात धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा डबा. त्या उंबऱ्याच्या आत, बूट काढायच्या पायरीपाशी थांबल्या आणि त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"किसुके कुठाय?"

मग मिनेकोने सांगितलं. सकाळी रस्त्यात भेटले ते, आणि भोंग्याचंही. गाडीत का घेतलं नाही तेवढं सांगितलं नाही, पण आजींनी तेत्सुरोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना ते कळलं.

"नियम का?" त्या म्हणाल्या.

"हो."

"हं." त्या पायरीवर बसल्या.

सात वाजले. तेत्सुरोने केंद्र उघडल्याचं जाहीर केलं. पेटी टेबलावर झाकण उघडून ठेवलेली. आता जो पहिला मतदार आत येईल त्याने पाहायची.

"आजी, या," मिनेको हळूच म्हणाली. "पहिल्या तुम्हीच."

चाळीस वर्षं ज्या मानासाठी या बाईने जिवाचं रान केलं, तो असा समोर वाढून ठेवलेला. त्सुयाआजींनी आपल्या बुटाची नाडी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"येते की. बूट तर काढू दे. ही गाठ सुटत नाही मेली."

गाठ सुटली होती. सगळ्यांना दिसत होतं. आजींनी ती पुन्हा घट्ट बांधली आणि नव्याने सोडायला घेतली.

"आजी, मतदान सुरू झालंय," तेत्सुरो म्हणाला.

"मग? म्हातारीने बूट किती वेळात काढावेत असा काही नियम आहे का तुझ्या पुस्तकात?"

नव्हता. तेत्सुरोने मनातल्या मनात सगळं पुस्तक चाळून पाहिलं, पण नव्हता. आजी नाडी सोडत होत्या, बांधत होत्या. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि सगळे आजोबांची घंटा ऐकू येते का म्हणून कान लावून बसले होते.

मग तेत्सुरोने दंडावरची केंद्रप्रमुखाची पट्टी काढली आणि मिनेकोच्या पुढ्यात ठेवली.

"तू सांभाळ. मी येतो."

"तुम्ही?" मिनेको म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, तोंडातून निघून गेलं.

इवाओ उठायला लागला तसा तेत्सुरो म्हणाला, "तुम्ही नका. साक्षीदार दोन हवेत." एवढं भान त्याला अजून होतं.

गाडीत बसल्यावर किल्ली भोकात जाईना. दुसऱ्या हाताने मनगट धरून त्याने ती घातली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आज राक्षस पाठीमागे नव्हता, समोर होता, आणि तेत्सुरो गाडी चालवत त्याच्याकडे निघाला होता. दिवे लावले तर धुकं आणखीच पांढरं झालं. त्याने दिवे बंद केले, काच बोटभर खाली केली. घंटा नाही. नदीचा आवाज येऊ लागला, तसा त्याने वेग आणखी कमी केला.

पुलाच्या अलीकडे अक्रोडाचं झाड आहे. त्याच्या फांदीवर काहीतरी काळं, मांजरीपेक्षा मोठं, लोंबकळत होतं आणि लहान मुलासारखं कुंईकुंई करत होतं. झाडाखाली रस्त्यावर त्याची आई. तिने मान वळवून गाडीकडे पाहिलं. तिच्या पलीकडे, पुलाच्या मधोमध, कठड्याला पाठ लावून किसुकेआजोबा उभे होते. काठी बगलेत दाबलेली. दोन्ही हातांनी त्यांनी कमरेची घंटा घट्ट आवळून धरली होती, वाजू नये म्हणून. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे.

हॉर्न वाजवावा तर मादी कुणावर धावेल सांगता येत नव्हतं. मागे फिरावं, पथक येईलच, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगा, आलं. पण आजोबांचे गुडघे वाकायला लागले होते. ते खाली बसले असते तर संपलंच होतं.

त्याने काच वर केली आणि गाडी पुढे सोडली, माणूस चालेल त्याहूनही हळू. मादी रस्त्याच्या कडेला सरकली, पण गेली नाही. गाडी तिच्याजवळून जाताना तिचा ओला वास आत आला. काचेपलीकडे तिची पाठ होती, हात बाहेर काढला असता तर लागली असती. तेत्सुरो समोर बघत राहिला. आजोबांपाशी येऊन त्याने गाडी अस्वल आणि त्यांच्या मधोमध उभी केली, वाकून डावीकडचं दार उघडलं.

"बसा."

आजोबा हलले नाहीत.

"आजोबा, बसा ना."

त्यांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, पण तेत्सुरोला कळलं ते काय विचारतायत.

"शाळेत आहे पेटी," तो म्हणाला. "गाडीत नाही. बसा."

आजोबा बसले. दार लागल्याचा आवाज झाला, आणि त्या आवाजासरशी मादी दोन पायांवर उभी राहिली. छातीवरची पांढरी कोर दिसली. मग ती आली. पंजा मागच्या काचेवर बसला, गाडी हेलकावली, काचेला वरपासून खालपर्यंत चीर गेली. तेत्सुरोने डोळे मिटले. त्याच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, तो त्याला पुढे कधीच आठवला नाही. डोळे उघडले तेव्हा मादी पुन्हा झाडाखाली गेली होती. पिल्लू पाठमोरं, खरडत खरडत खाली उतरत होतं. ते जमिनीवर टेकलं, आईने त्याला नाकाने ढकललं आणि दोघंही उतारावरून खाली धुक्यात गेली.

आजोबांनी अजून घंटा सोडली नव्हती.

"तेत्सुरो," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "सीट ओली झाली रे."

तेत्सुरोने तिकडे पाहिलं नाही.

"काच उघडी राहिली होती रात्री. दव पडलं असेल," तो म्हणाला.

त्याने आपला लांब कोट काढून त्यांना दिला. आजोबांनी तो बसल्या बसल्या अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. कोट त्यांना घोट्यापर्यंत आला.

शाळेत पोचले तेव्हा त्सुयाआजी पायरीवरच होत्या. एक बूट पायात, एक हातात. त्यांनी आजोबांचा चेहरा पाहिला, तो दुसऱ्याचा कोट पाहिला, आणि त्यातलं सगळं समजून काहीही समजलं नाही असं दाखवलं.

"आज उशीर?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं आता मीच जावं की काय पुढे."

"अस्वल गप्पा मारत बसलं," आजोबा म्हणाले. "तू अजून बुटातच?"

"गाठ बसली होती."

आजोबा आत गेले. मिनेकोने पट्टी तेत्सुरोला परत दिली, त्याने ती शर्टाच्या बाहीवर बांधली. आजोबा टेबलापाशी उभे राहिले, दोन्ही हात टेबलावर टेकवून वाकले आणि त्यांनी पेटीत पाहिलं. एरवी एक नजर टाकून ते मोकळे होत. आज वाकले ते वाकलेच.

"एवढं काय बघतोस?" मागून त्सुयाआजी म्हणाल्या. "नवरी बसलीय का आत?"

"बघू दे गं." थोड्या वेळाने ते तसेच वाकलेले असताना म्हणाले, "वाडीत सगळंच रिकामं झालंय. घरं रिकामी, शाळा रिकामी. ही एकच वस्तू सकाळी रिकामी असते आणि संध्याकाळी भरते."

"नऊ कागदांनी भरते?"

"तळ तर झाकतो." ते सरळ झाले आणि तेत्सुरोकडे वळून खणखणीत म्हणाले, "पेटी रिकामी आहे. मी पाहिली."

तेत्सुरोने कुलूप घातलं.

पथक आलं, फटाके वाजवून, रान धुंडून गेलं. अस्वलं वर डोंगरात गेली असावीत म्हणाले. असावीत, नक्की कोण सांगणार. कचेरीतून फोन आला. केंद्रप्रमुखाने जागा सोडली हे खरं का? खरं, तेत्सुरो म्हणाला. आणि गाडीची काच? तीही. उद्या वरिष्ठांना भेटा, असं सांगून फोन बंद झाला. तेत्सुरोला भीती वाटली, नेहमीइतकीच वाटली. फक्त आज ती वाटत असताना त्याने भाताचा गोळा खाल्ला आणि वर त्सुयाआजींकडून मुळा मागून घेतला.

मतं येत गेली. दुपारी वरच्या आळीतला एक जण लहान ट्रक घेऊन आला, मत देऊन निघताना म्हणाला, "चला आजोबा, तुम्हाला घरी सोडून मी परत येतो."

"नको. शेवटचं आहे. दार बंद होताना बघून जाईन," आजोबा म्हणाले. स्टोव्हजवळच्या बाकावर ते कोट घालून बसून होते. बाहेर पुलाच्या दिशेने कुत्रं भुंकलं तरी त्यांची बोटं घंटेवर जात होती. ज्या माणसाने साठ वर्षं या रानातून एकट्याने ये-जा केली, त्याला आता घरी जायची भीती वाटत होती.

अंधारायच्या आधी, सहाला केंद्र बंद झालं. डोंगरातली केंद्रं लवकर बंद करतात. त्सुयाआजी गादी उचलून आजोबांपाशी आल्या.

"माझ्याकडे झोप आज. माजघरात गादी घालते."

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" आजींनी विचारलं.

आजोबा हसले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग लोणच्याचा उरलेला डबा त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबून त्या गेल्या. वळून पाहिलं नाही.

तेत्सुरोने पेटी सीलबंद केली. उचलली तेव्हा आत कागद एका कडेवरून दुसऱ्या कडेला घसरले. गाडीच्या मागच्या सीटवर, चिरलेल्या काचेखाली, पेटी ठेवून त्याने तिला सीटबेल्ट लावला. एका साक्षीदाराने पेटीबरोबर मतमोजणीपर्यंत जायचं असतं, म्हणून इवाओ तिच्या शेजारी बसला. पुढे मिनेको. खरं तर मागे अजून एक जागा होती.

आजोबा गाडीजवळ उभे होते. उजेड जेमतेम उरला होता, आणि नदीवरून पुन्हा धुकं वर यायला लागलं होतं.

तेत्सुरोने मागचं दार उघडं धरलं. "आजोबा," तो म्हणाला.

आजोबांनी आत पाहिलं. पेटीकडे, तिच्या पट्ट्याकडे.

"पेटी आहे ना गाडीत," ते म्हणाले.

"असू दे. बसा."

"नाही रे. सकाळी रिकामी होती तेव्हा नाही म्हणालास. आता तर भरलीय." त्यांनी हाताने दार लावून टाकलं. "माझंही मत आहे त्यात. उद्या कुणी काही म्हणायला नको."

आणि ते निघाले. घंटा वाजायला लागली.

तेत्सुरो गाडीत बसला. दिवे लावले आणि गाडी त्यांच्या मागे सोडली. वेग घेतला नाही. दिव्यांच्या उजेडात आजोबा पुढे चालत होते, काठी टेकत, घोट्यापर्यंत त्याचा कोट घालून. त्यांची लांब सावली रस्त्यावर पुढे पडली होती. गाडी त्यांच्या पाठीमागे, तेवढ्याच चालीने.

मिनेकोचा फोन वाजला. तिने कानाला लावला, ऐकलं आणि तो हाताने झाकला.

"मोजणीवाले विचारतायत. डोंगरातल्या बाकी पेट्या पोचल्या, आपलीच राहिलीय. काय सांगू?"

"सांग, निघालीय. हळू येतेय."

पूल आला. अक्रोडाच्या झाडापाशी आजोबा थांबले, तशी गाडीही थांबली. घंटा थांबली. मागच्या सीटवर इवाओने पेटीवर हात ठेवला. दिवे जिथवर पोचत होते तिथवर पूल दिसत होता आणि त्यापुढे काही दिसत नव्हतं. आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी कोटाची कॉलर नीट केली, काठी पुढे टेकवली, आणि घंटा पुन्हा वाजू लागली.